कुंभकोणमचा काढा

मराठी घरात 'काढा' हा शब्द उच्चारला की प्रथम आजारी माणूस डोळ्यांपुढे येतो. आले, तुळस, गवती चहा किंवा पारिजातकाची पाने पाण्यात घालावयाची, पाणी आटवून निम्म्यावर आणावयाचे आणि तोंड वाकडे करणाऱ्या रोग्याला ते कडू पाणी समजुतीच्या चार गोष्टी सांगून पाजावयाचे, एवढा या शब्दाचा संसार. तंजावरच्या मुलुखातील कुंभकोणम् येथे मात्र उजाडण्यापूर्वी घरोघर जो काढा तयार होत असतो, तो धडधाकट माणसांसाठी असतो, आणि तो मिळाला नाही तरच ती आजारी दिसू लागतात. तमिळ माणूस त्याला 'डिकॉक्शन' म्हणतो; त्या इंग्रजी शब्दाचा अर्थही काढा हाच. काळाकुट्ट, दाट आणि कडू असा कॉफीचा हा अर्क ताज्या दुधात पडला म्हणजे जे पेय बनते, ते 'कुंभकोणम् डिग्री कॉफी' या नावाने साऱ्या दक्षिणेत ओळखले जाते.

हे पेय तेथील गोपुरांइतकेच जुने असावे, असा परक्या माणसाचा सहज समज होतो. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. कावेरीच्या या खोऱ्यात घराघरांतून कॉफीने बस्तान बसविल्याला सव्वाशे वर्षांच्या आसपासच काळ लोटला आहे. त्यापूर्वी तमिळ घरांत मुरविली जाणारी दोन पेये होऊन गेली. त्यांपैकी एक मद्य होते आणि दुसरे आंबवलेले पाणी. त्या दोघांना मागे सारून परदेशातून आलेल्या एका कडू बीने ही जागा कशी पटकावली, आणि ती पटकावताना कोणाला आपल्या पंक्तीला घेतले व कोणाला दाराबाहेर ठेवले, हा या खोऱ्याच्या सामाजिक इतिहासाचा एक बोलका भाग आहे.

कुंभकोणम् हे नाव मुळी एका घटावरून पडलेले. प्रलयाच्या पाण्यावर तरंगणारा अमृताचा कुंभ येथे येऊन थांबला, किरातरूपी शंकराने बाण मारून तो फोडला, आणि सांडलेल्या अमृतातून येथील तीर्थे निर्माण झाली, अशी स्थलपुराणाची कथा आहे. दर बारा वर्षांनी महामहम् तलावात स्नानासाठी लाखो लोक लोटतात ते त्याच श्रद्धेने. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले हे गाव तांदळाचे, विड्याच्या पानांचे आणि पितळेच्या भांड्यांचे. मराठी माणसाला ते परके वाटण्याचे कारण नाही. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरास जे राज्य स्थापन केले, त्याच्याच छायेत हे क्षेत्र सुमारे सव्वाशे वर्षे नांदले. १७९९ मध्ये सर्फोजीराजांच्या हातून मुलुखाचा कारभार इंग्रजांनी काढून घेतला आणि १८५५ मध्ये राजपदही संपुष्टात आणले. परंतु राजाबरोबर गेलेली मराठी घराणी तेथेच राहिली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी गाजविणारे सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणम् येथेच जन्मले. तमिळ शब्दांची फोडणी दिलेली मराठी बोलणारी अशी कुटुंबे त्या मुलुखात आजही आहेत.

या गावातील सरकारी महाविद्यालय १८५४ मध्ये शाळा म्हणून सुरू झाले. गणिती रामानुजन् यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे, हे सर्वांना ठाऊक असते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र तेथील एका तमिळ पंडिताचे नाव अधिक महत्त्वाचे आहे. उ. वे. स्वामिनाथ अय्यर हे १८८० पासून १९०३ पर्यंत या महाविद्यालयात तमिळ शिकवीत असत. कुंभकोणमला बदलून आलेले सेलम रामस्वामी मुदलियार नावाचे एक मुन्सफ होते. त्यांनी या तरुण पंडिताला विचारले की, तुम्ही हे उत्तरकालीन ग्रंथ वाचलेत खरे, पण त्यांच्यामागचे प्राचीन ग्रंथ वाचले आहेत काय? कज्जेदलालीच्या कामातून सवड काढून एका मुन्सफाने विचारलेल्या या प्रश्नाने तमिळ वाङ्मयाचा इतिहास बदलला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. स्वामिनाथ अय्यर गावोगाव हिंडून ताडपत्रे गोळा करू लागले, आणि १८८७ मध्ये 'जीवकचिंतामणी', १८८९ मध्ये 'पत्तुप्पाट्टु' व १८९४ मध्ये 'पुरनानूरु' हे ग्रंथ त्यांनी संपादून छापले.

या ताडपत्रांतून जो समाज बाहेर आला, तो कुंभकोणमच्या सोवळ्या अग्रहारातील वाचकांना चकित करणारा होता. हे राजे, हे कवी, या कवयित्री मद्य पीत होत्या, आणि त्यात कोणाला संकोच वाटत नव्हता. ताडामाडाची ताडी होती, वेळूच्या नळीत पुरून मुरविलेला मध होता, यवनांच्या गलबतांतून आलेली द्राक्षासव होती. पण सर्वांत लक्ष वेधून घेते ती घरगुती तांदळाची दारू. 'पत्तुप्पाट्टु'मधील 'पेरुंपाणाट्रुप्पडै' या काव्यात कोळ्यांच्या वस्तीतील तिची कृती अशी काही नेमकी आली आहे, की कवीने ती डोळ्यांनी पाहिली असली पाहिजे. न सडलेल्या तांदळाची पेज शिजवावयाची, पसरट भांड्यात ओतून ती निववावयाची, मोड आणलेल्या भाताचे पीठ तीत कालवावयाचे, आणि भक्कम तोंडाच्या रांजणात दोन दिवस व दोन रात्री ते मिश्रण मुरू द्यावयाचे. मग बोटांनी पिळून गाळलेले ते कडक पेय भाजलेल्या ताज्या मासळीबरोबर पाहुण्यापुढे यावयाचे.

मोड आणलेल्या धान्याचे पीठ ही या कृतीतील मर्माची गोष्ट होय. धान्याला मोड येताना त्यात एक विकर तयार होते. ते पिठाची साखर करते, आणि किण्व त्या साखरेचे मद्य बनवते. युरोपात बीअर करतात ती याच तत्त्वावर. फरक इतकाच की तेथे भाताच्या जागी सातू असतो. त्या बीअरमधील सर्वांत काळी आणि कडक जात म्हणजे स्टाउट. तिच्यासाठी मोड आणलेल्या किंवा कोऱ्या सातूचा काही भाग जवळजवळ करपेपर्यंत भाजतात. तिचा काळा रंग, तिचा कडवटपणा आणि तिचा तो खरपूस वास हे सारे त्या भाजण्यातून येते. लंडनची काळी पोर्टर, जिच्यापासून स्टाउट निघाली, ती कंपनी सरकार आपल्या गोऱ्या शिपायांसाठी पिंपेच्या पिंपे भरून हिंदुस्थानात आणीत असे. विलायतेत ज्याने ही काळी बीअर घोटली आहे त्याला कुंभकोणमचा काळा काढा चाखताना तिची आठवण झाली, तर ती जिभेची चूक नव्हे. दोन्ही पेयांची किमया एकच. एका ठिकाणी धान्य भाजले जाते, दुसऱ्या ठिकाणी बी.

प्राचीन तमिळ मद्याविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. 'पुरनानूरु'मध्ये औवैयार ही कवयित्री अदियमान या मृत सरदारासाठी शोक करते. मद्य थोडे असले तर तो ते तिला देत असे, आणि पुष्कळ असले तर दोघे मिळून पीत व गात असत, ही तिची आठवण आहे. सरदार आणि याचक, पुरुष आणि स्त्री एका रांजणाभोवती बसत होती. पुढे दोन हजार वर्षांनी त्याच भाषेच्या प्रदेशात एका प्याल्यासाठी दोन दरवाजे करावे लागले. त्याची कथा यथाक्रम येईलच.

हा रांजण केव्हा फुटला? मद्याचा निषेध करणारे जैन आणि बौद्ध, नंतरचे शैव-वैष्णव भक्तिपंथ, आणि नदीकाठी राजांनी वसविलेली अग्रहारे यांच्या प्रभावाने प्रतिष्ठित घरांतून मद्य हळूहळू हद्दपार झाले. ते शेतमजुरांच्या वस्तीत आणि ताडाच्या बनात टिकून राहिले. तेथूनही त्याला सरकारी हिशेबात ओढले ते इंग्रजांनी. १८८६ च्या मद्रास अबकारी कायद्याने परवान्यावाचून मद्य गाळणे हा गुन्हा ठरला, आणि घरच्या रांजणाची जागा मक्तेदाराच्या दुकानाने घेतली. त्यामुळे पिणारे कमी झाले नाहीत. सरकारचा महसूल मात्र वाढला.

प्रतिष्ठित घरात या काळात सकाळी काय घेतले जाई? येथे दुसरे पेय येते. रात्रीच्या उरलेल्या भातात पाणी घालून तो मडक्यात झाकून ठेवावयाचा. उष्ण हवेत रातोरात त्याला आंबूस चव येते. सकाळी भात कुस्करून, ताक आणि मीठ घालून, लोणच्याच्या फोडीबरोबर तो खावयाचा, आणि वरचे पाणी प्यावयाचे. त्या पाण्याला तमिळमध्ये 'नीरागारम्' म्हणतात. नीर आणि आहार या दोन शब्दांचा हा संधी. आपल्याकडची आंबील ही त्याचीच बहीण म्हणावयास हरकत नाही. श्रीमंत मिरासदारापासून त्याच्या कुळापर्यंत आणि कुळापासून मजुरापर्यंत सकाळचे अन्न हेच होते. मिरासदाराच्या पानात दही दाट असे, आणि मजुराच्या मडक्यात भात कमी व पाणी फार असे, पण वस्तू एकच. स्वामिनाथ अय्यर यांचा जन्म १८५५ चा. त्यांच्या बालपणी या खोऱ्यातील घरांत कॉफी नव्हती. चेन्नईचे इतिहासकार ए. आर. वेंकटाचलपती यांनी २००६ मध्ये तमिळ समाजाच्या सांस्कृतिक इतिहासावर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याचे नावच मुळी त्या कॉफीवाचूनच्या दिवसांवरून ठेवले आहे.

ही दुसऱ्या देशांतही घडलेली गोष्ट आहे. जर्मनीत सकाळी बीअरचे गरम सूप पिण्याची चाल होती. कॉफीने ती मोडण्यास आरंभ केला, तेव्हा प्रशियाचा राजा फ्रेडरिक संतापला. आपण आणि आपले पूर्वज बीअरवर वाढलो, सैनिकांनी लढाया जिंकल्या त्या बीअरच्या जोरावर, आणि पैसा मात्र कॉफीपायी परदेशी चालला आहे, अशा आशयाचा जाहीरनामा त्याने १७७७ मध्ये काढला. तेवढ्याने भागेना, तेव्हा १७८१ मध्ये कॉफी भाजण्याचा मक्ता सरकारने आपल्याकडे घेतला, आणि घराघरांतून चोरून भाजल्या जाणाऱ्या कॉफीचा वास हुंगण्यासाठी सैन्यातून निवृत्त झालेले शिपाई रस्त्यांवर नेमले. अबकारी खात्याच्या इतिहासात केवळ नाकाच्या बळावर मिळालेली ही नोकरी एकमेव असावी. राजा वारला आणि ही व्यवस्था मोडली, कॉफी राहिली.

हिंदुस्थानात कॉफी आली ती यात्रेकरूच्या झोळीतून, अशी परंपरा आहे. बाबा बुदन या सूफी संताने सतराव्या शतकात अरबस्तानातून सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरावर पेरल्या, असे सांगतात. सात बियांचा हिशेब कोणी ठेवला असेल ते असो. त्या डोंगराला आजही बाबा बुदनगिरी म्हणतात. मलबार किनाऱ्यावरून डचांनी १६९६ मध्ये कॉफीची रोपे जावा बेटात नेली आणि तेथून ती जगभर पसरली. म्हणजे ज्या देशाच्या किनाऱ्यावरून कॉफी पूर्वेकडे गेली, त्या देशातील लोकांनी ती पिण्यास आणखी दोन शतके लावली. एकोणिसाव्या शतकात इंग्रज मळेवाल्यांनी कूर्ग, म्हैसूर, वायनाड, निलगिरी आणि सेलमजवळचा येरकाड येथे मोठाल्या बागा लावल्या. पीक जात होते लंडनच्या बाजारी.

याच काळात तंजावर, तिरुचिरापल्ली, मदुराई या जिल्ह्यांतील भूमिहीन मजुरांच्या टोळ्याच्या टोळ्या समुद्र ओलांडून सिंहलद्वीपात कॉफीच्या मळ्यांवर जात होत्या. रामेश्वराकडच्या किनाऱ्यावरून होडीने पलीकडे, आणि तेथून जंगलातून पायी कँडीच्या डोंगरापर्यंत. वाटेत पटकी व हिवताप यांनी किती माणसे पडली याची गणती कोणी नीट ठेविली नाही. १८६९ मध्ये तेथील कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला आणि वीस-पंचवीस वर्षांत सिंहलची कॉफी नामशेष होऊन तिच्या जागी चहा आला. तांबेऱ्याची हकीकत शेतकीच्या सर्व पुस्तकांत असते. परंतु हेही नोंदले पाहिजे, की कुंभकोणमच्या परिसरातील माणसांचा कॉफीशी पहिला संबंध आला तो पेय म्हणून नव्हे, तर मजुरी म्हणून. ज्यांनी ती खुडली त्यांच्या मडक्यात नीरागारम् होते.

कॉफी घरात शिरली ती मात्र निराळ्या वाटेने. १८६१ मध्ये नागपट्टणम् ते तंजावर अशी आगगाडी सुरू झाली, आणि पुढील दोन दशकांत मद्रासेहून येणारा मुख्य रस्ता मायावरम्, कुंभकोणम् या गावांवरून तंजावरास पोहोचला. महाविद्यालयातून बाहेर पडलेली मुले वकील, कारकून, मास्तर आणि मामलेदार होऊन मद्रासेस गेली व सुटीत नव्या सवयी घेऊन घरी परतली. जमीन कुळांना लावून कचेरीत बसणाऱ्या माणसाला सकाळी नऊ वाजता घड्याळाप्रमाणे निघावयाचे होते, आणि भातपाण्याने येणारी सुस्ती त्याला परवडणारी नव्हती. शिवाय धर्मशास्त्राला कॉफी ठाऊकच नसल्यामुळे तिचा निषेध कोणत्याही स्मृतीत सापडत नव्हता. सोवळ्या घरात शिरण्यास इतके सोयीचे दुसरे उत्तेजक पेय मिळाले नसते. विसावे शतक उजाडले तेव्हा पाहुण्याला कॉफी न विचारणे हा अपमान समजला जाऊ लागला होता, आणि तंजावरच्या मराठी घरांनाही तो नियम लागू झाला.

कॉफी करण्याचे या गावाने जे शास्त्र बनविले, ते मात्र त्याचे स्वतःचे. कच्च्या बिया आणावयाच्या. त्यांत एकाच गोल दाण्याच्या 'पीबेरी'ला मान अधिक. लोखंडी कढईत किंवा निखाऱ्यावर फिरणाऱ्या डब्यात त्या बदामी रंगापलीकडे, पण करपण्याच्या अलीकडे, अशा बेताने भाजावयाच्या. भिंतीला किंवा बाकाला जखडलेल्या हातयंत्रात त्या दळावयाच्या, आणि तेही त्या दिवसापुरत्याच. नंतर पितळेचे फिल्टर. ही एकावर एक बसणारी दोन उभट भांडी. वरच्याच्या तळाला बारीक भोके. त्यात पूड घालून दांडीच्या चकतीने हलकेच दाबावयाची, वर कढत पाणी ओतावयाचे आणि झाकण ठेवून वाट पाहावयाची. थेंब थेंब करीत पंधरावीस मिनिटांत खालच्या भांड्यात पहिला काढा उतरतो. पूड फार दाबली तर पाणी उतरत नाही, सैल ठेवली तर अर्क उतरत नाही. हा अंदाज तराजूत मापता येत नाही. तो सासूकडून सुनेकडे जातो. त्याच पुडीवर पुन्हा पाणी ओतून निघालेला दुसरा काढा पातळ असतो, आणि घरात कोणाच्या वाट्याला पहिला व कोणाच्या वाट्याला दुसरा, यावरून त्या घरातील प्रत्येकाचे स्थान बिनचूक ओळखता येई. पहाटे चारला उठून फिल्टर लावणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला बहुधा दुसरा येत असे.

दूध गायीचे, नुकतेच काढलेले आणि एकदाच उकळलेले. 'डिग्री' हे नाव पडले ते या दुधावरून, हा अर्थ अधिक सयुक्तिक दिसतो. पहिल्या काढ्याला पहिली डिग्री म्हणत असे काही सांगतात. कोणी चिकोरी या शब्दाचा अपभ्रंश कल्पितात. ही दुसरी कल्पना तर चिकोरीला नाक मुरडणाऱ्या कुंभकोणमच्या रसिकांवर अन्यायच करणारी आहे. दुधात पाणी किती हे पाहण्यासाठी दुग्धमापक नावाची काचेची नळी असते. ती दुधात सोडली की तरंगते, आणि तिच्यावरील अंश वाचावयाचा. गायीच्या निर्भेळ दुधात तो साधारण २८ ते ३२ भरतो. पाणी मिसळले की नळी खोल बुडते आणि आकडा उतरतो. अशा अंश मोजून घेतलेल्या दुधाला 'डिग्री दूध' म्हणू लागले, आणि त्या दुधाच्या कॉफीला 'डिग्री कॉफी'. मात्र या नळीलाही फसविता येते. साय काढून घेतली की दूध जड होते व आकडा चढतो. मग तेवढेच पाणी घातले की तो पुन्हा जागेवर येतो. गवळ्यांना हे शास्त्र नळी करणाऱ्यांच्या आधीच उमगले असावे.

अशा कॉफीला विरोध झाला नाही असे नाही. तमिळ नियतकालिकांतून तिच्यावर कडाडून टीका होत असे. तिने भूक मरते, पित्त वाढते, पैसा जातो, आणि मुख्य म्हणजे बायका तिच्या आहारी जातात. मद्याचे व्यसन निदान घराबाहेरचे होते, हे तर चुलीपर्यंत आले. पुरुषांनी कचेरीत जाण्यासाठी घेतली तर गरज आणि स्त्रियांनी घरकामासाठी घेतली तर व्यसन, हा न्याय त्या टीकाकारांना खटकला नाही. महात्मा गांधींनीही १९४२ मध्ये लिहिलेल्या आपल्या आरोग्यविषयक पुस्तकात चहा, कॉफी आणि कोको यांची शरीराला गरज नसल्याचे सांगितले आहे. कुंभकोणमच्या देशभक्तांनी खादी मनापासून स्वीकारली. कॉफीच्या बाबतीत मात्र त्यांची श्रद्धा डळमळीत राहिली.

घरातील फिल्टर बाजारात आले ते 'कॉफी क्लब' या नावाने. विसाव्या शतकाच्या आरंभी तमिळ शहरांत असे क्लब झपाट्याने वाढले. बहुतेकांचे मालक ब्राह्मण होते, आणि दारावर 'ब्राह्मणांसाठी' अशी पाटी किंवा आत ब्राह्मणांसाठी निराळी खोली असे. इतर जातींनी पुढच्या भागात बसावे, आणि अस्पृश्य मानलेल्यांनी आत येऊच नये. प्याला ओठाला न लावता वरून कॉफी तोंडात सोडण्याची चाल, त्यासाठी बाहेर वळविलेली प्याल्याची कड, आणि खाली सांडलेले झेलण्यासाठी व निववण्यासाठी 'डबरा' नावाची खोल वाटी, हे सर्व उष्ट्याखरकट्याच्या त्या कल्पनेतून आलेले. आज प्रवासी ज्याला कलाकुसर म्हणून विकत घेतो त्या पितळी जोडीत एवढा इतिहास भरला आहे. आगगाडीच्या स्थानकांवरील उपाहारगृहांतही अशीच दोन दालने होती. ई. वे. रामस्वामी नायकर म्हणजे पेरियार आणि त्यांचे सहकारी यांनी केलेल्या चळवळीमुळे ती १९४१ मध्ये बंद झाली. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने व सार्वजनिक उपाहारगृहे यांत जातीवरून मज्जाव करण्यास बंदी केली. तरीही १९५७ मध्ये पेरियार यांच्या अनुयायांना मद्रासच्या तिरुवल्लिकेणी भागातील एका उपाहारगृहाच्या पाटीवरील 'ब्राह्मण' हा शब्द काढून टाकण्यासाठी महिनोन्महिने सत्याग्रह करून तुरुंगात जावे लागले, आणि पुढील वर्षी तो शब्द गेला. खेड्यांतील चहाच्या दुकानांत दलितांसाठी वेगळा प्याला टांगून ठेवण्याची चाल त्यानंतरही पुष्कळ काळ चालू राहिली. कायदा दुकानाच्या दारापर्यंत पोहोचला होता. प्याल्यापर्यंत पोहोचण्यास त्याला फार वेळ लागला.

दरम्यान कॉफीच्या भाग्याने सरकारही तिच्या बाजूला आले होते. राजगोपालाचारी यांच्या मंत्रिमंडळाने १ ऑक्टोबर १९३७ रोजी सेलम जिल्ह्यात दारूबंदी सुरू केली आणि १९४८ पर्यंत ती साऱ्या मद्रास प्रांतात लागू झाली. मुंबई राज्यातील श्रोत्यांच्या घरी ज्या हातभट्टीच्या गोष्टी सांगितल्या जात, तशाच त्या कावेरीकाठीही घडल्या. नदीच्या वाळूत पुरलेली मडकी पोलिसांनी फोडली आणि दुसऱ्या दिवशी नवी पुरली गेली. १९७१ मध्ये ही बंदी प्रथम उठली, व पुढे लागत-उठत राहिली. बंदीच्या त्या तेवीस वर्षांत राजरोस मिळणारे कडक पेय कॉफी हेच होते. दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या बाजारपेठा बंद झाल्या तेव्हा मळेवाल्यांना वाचविण्यासाठी १९४० मध्ये सरकारने कॉफीच्या खरेदीविक्रीचे नियंत्रण करणारे मंडळ नेमले. देशातच कॉफी खपविण्याची मोहीम त्याआधीच सुरू झाली होती, आणि तिचे पहिले 'इंडिया कॉफी हाउस' १९३६ मध्ये मुंबईस चर्चगेटजवळ उघडले. मराठी माणसाला कॉफी चारचौघांत बसून पिण्याची गोडी लागली ती येथून. घरी तो चहाचाच राहिला. पन्नाशीच्या दशकात मंडळाने ही गृहे बंद करण्यास घेतली, तेव्हा कामगारांनी १९५७ पासून आपल्या सहकारी संस्था काढून ती चालविली.

कुंभकोणमला अशा प्रचाराची गरज कधीच पडली नाही. तेथील चर्चेचा विषय एकच असे आणि आहे, तो म्हणजे चिकोरी. गुजरातेत पिकणारे हे मूळ भाजून दळले की काढ्याला रंग व दाटपणा येतो आणि भाव उतरतो. मिश्र पुडीत निदान ५१ टक्के कॉफी असलीच पाहिजे, असा आजचा नियम आहे. पूड विकणारा दुकानदार गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न चिकोरीच्या प्रमाणाचा विचारतो, आणि जुने घराणे असेल तर उत्तर थोडे दुखावल्या स्वरात मिळते.

गेल्या दशक-दीड दशकात चेन्नईहून दक्षिणेकडे जाणाऱ्या हमरस्त्यांवर मैलामैलाला 'कुंभकोणम् डिग्री कॉफी'च्या पाट्या लागल्या आहेत. पितळी जोड्या चकचकीत मांडलेल्या असतात, आणि तेथे थांबणाऱ्याची जात कोणी विचारीत नाही. इकडे शहरांतील आहारतज्ज्ञ पोटाच्या आरोग्यासाठी आंबवलेल्या भाताचे पाणी घ्यावे असे सांगू लागले आहेत, आणि ज्यांच्या आज्यांनी ते मडके लाजून माजघरात ढकलले होते, त्या नाती त्याची कृती विचारीत आहेत. कावेरीच्या कालव्यांवरील शेतांत लावणीच्या दिवसांत बांधावर ठेवलेल्या झाकणाच्या डब्यांतून नीरागारम् अजून येते. तो डबा घेऊन संध्याकाळी घरी परतलेली बाई, दारात पाहुणा दिसला, की मुलाला पैसे देऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून कॉफीची पुडी आणावयास पाठविते.